पो उचलण्याआधी वाकून बघा: शेणकिडे ओळखायचे कसे, राखायचे कसे

मृगाचा पाऊस होऊन आठवडा झाला की सकाळी गुरांच्या मागे माळावर चालत जा. ओला पो पडून पाच मिनिटं होत नाहीत तोच टप्, टप् असा आवाज यायला लागतो. वासाच्या मागावर उडत आलेले भुंगेरे शेणावर आदळतात, त्याचा तो आवाज. तासाभरात पोच्या कडेला ओल्या मातीच्या ढिगुळ्या दिसतात. दुपारपर्यंत वरची साय सुकते. दुसऱ्या दिवशी काडीने पो पालथा केला तर आत नुसता भुसा उरलेला असतो, शेण जमिनीत गेलेलं असतं. ते कुणी नेलं हे कसं शोधायचं, आणि नेणारे पुढच्या वर्षीही यावेत म्हणून काय करायचं, हे इथे क्रमाने लिहितो.

मी कीटकशास्त्रज्ञ नाही. शाळेत विज्ञान शिकवलं आणि घरी गुरं आहेत, एवढंच भांडवल. पण गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत कीटकांच्या पानावर ‘फुलपाखरे, मधमाशा’ एवढ्यावर काम भागवलेलं पाहिलं की वाटतं, ज्यांच्यावर गावाचं गायरान चालतं त्यांची निदान दोन ओळींची नोंद व्हायला हवी.

सामान आणि वेळ

सामान घरातलंच लागतं. एक बादली, खुरपं, पांढरा ट्रे किंवा थाळा, जुना रंगाचा ब्रश, दह्याचे रिकामे डबे, फाटक्या सुती साडीचे तुकडे, आलेख कागद, पेन्सिल आणि वही. विकत घ्यायची वस्तू एकच, दहापट मोठं दाखवणारं भिंग. ते नसलं तर मोबाइलचा कॅमेराही बरंच काम करतो.

जून ते सप्टेंबर हा हंगाम. त्यातही पहिल्या दमदार पावसानंतरचे तीन-चार आठवडे सोन्यासारखे, कारण जमीन मऊ झालेली असते आणि कोरड्या दिवसांत खाली दडून बसलेले भुंगेरे तेव्हाच वर येतात. सकाळी एक फेरी आणि अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन दुसरी. दिवसा उडणारे आणि रात्री उडणारे वेगळे असतात. एकच फेरी मारणाऱ्याच्या हाती अर्धीच यादी लागते.

पहिली पायरी: हात लावू नका, बघा

नवखा माणूस लगेच खुरपं घालतो. तसं करू नका. दहा मिनिटं उकिडवं बसा आणि किडा शेणाचं काय करतो ते पाहा. कारण शेणकिड्यांची सर्वांत उपयोगी वर्गवारी नावावरून होत नाही, त्यांच्या कामावरून होते.

काही जण शेणाचा गोळा कापून, थापटून गोल करतात आणि डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर ठेवून उलट्या चालीने तो लोटत नेतात. हे लोटणारे. काही जण पोच्या खालीच बीळ पाडून शेण आत ओढतात. वर मातीची ढिगुळी दिसली की समजायचं, हे बीळकरी आहेत. तिसरे कुठेच जात नाहीत. शेणातच खातात, शेणातच अंडी घालतात. त्यांना मुक्कामी म्हणू. आपल्याकडे गर्दी बीळकऱ्यांचीच जास्त असते, पण लोकांच्या डोक्यात शेणकिडा म्हटलं की गोळा लोटणाराच येतो.

वहीत पहिली नोंद हीच करा. पो किती तासांचा आहे, कोणत्या जनावराचा, उन्हात आहे की झाडाखाली, ढिगुळ्या किती, गोळा लोटत गेल्याची रेघ दिसते का. गाय, म्हैस, घोडा, शेळी यांच्या शेणा-लेंड्यांवर येणारी मंडळी पूर्णपणे सारखी नसतात.

दुसरी पायरी: बादली

खुरप्याने पो अख्खा उचला आणि पाण्याने पाऊण भरलेल्या बादलीत सोडा. काडीने हळू ढवळा आणि थांबा. दोन-तीन मिनिटांत भुंगेरे एकेक करून तरंगत वर येतात, ब्रशने ते थाळ्यात घ्यायचे. मग पो होता त्या जागची माती वीतभर खोल उकरा. बिळं शेणाने भरलेली दिसतील, तळाशी कधी जोडी सापडेल. दोघं मिळून काम करतात. साधारणपणे मादी खाली खणते, बांधते आणि नर वरून शेण पोचवतो.

बिळात सुपारीएवढा किंवा लिंबाएवढा घट्ट गोळा सापडला तर तो फोडण्याचा मोह होतो. एखादाच फोडा. आत पोकळीत एकच अंडं, नाही तर पाठीला कुबड आलेली, वाकडी पांढरी अळी असते. तिचं सगळं बालपणाचं जेवण त्या एका गोळ्यात बांधून दिलेलं असतं. मोठ्या जातींची मादी अशी मोजकीच पिल्लं वाढवते. म्हणून मोठे शेणकिडे एकदा उठले की लवकर भरून येत नाहीत, छोटे मात्र तग धरतात. पुढे राखणीच्या भागात ही गोष्ट कामी येईल.

तिसरी पायरी: सापळा

एका पोवरून गावाचा अंदाज येत नाही, त्यासाठी सापळे लावायचे. दह्याचा डबा जमिनीत असा पुरा की त्याचं तोंड मातीच्या बरोबर येईल. कड एक दोरा जरी वर राहिली तरी चालत येणारा किडा वळसा घालून जातो. मूठ-दोन मुठी ताजं शेण साडीच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी करा आणि ती आडव्या काठीला डब्याच्या तोंडावर लटकवा. वर पावसासाठी पत्रावळ किंवा प्लॅस्टिकची ताटली, चार काड्यांच्या पायांवर. दोन सापळ्यांत किमान ५० मीटर अंतर ठेवा, नाही तर एकाचा वास दुसऱ्याचे किडे ओढतो. गायरानात पाच, झाडीत पाच, शेताच्या बांधाला पाच असे लावले तर तुलना करता येते.

जिवंत मोजून सोडायचे असतील तर डब्यात बोटभर ओलसर माती टाका आणि सकाळ-संध्याकाळ डबे उघडा. हे टाळू नका. माझ्या पहिल्या वर्षी मी रात्री डबे लावून दुसऱ्या गावी लग्नाला गेलो. रात्री वळीव कोसळला, झाकणं उडाली, डबे तुडुंब भरले. परत आलो तर शे-दीडशे भुंगेरे बुडून फुगलेले. ते कॉफीच्या बाटलीत भरून ठेवले, पण कोणता कोणत्या डब्यातला हे लिहिलं नव्हतं. त्या बाटलीचा आजतागायत कुणाला काही उपयोग झाला नाही.

कुत्री पुरचुंड्या पळवतात, त्यावर सापळ्याभोवती बोराटीच्या फांद्या टाकणं हाच उपाय. आणि संरक्षित वनात, अभयारण्यात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय सापळा लावू नका. गायरानात लावतानाही ग्रामपंचायतीला सांगून ठेवलेलं बरं.

चौथी पायरी: हा शेणकिडा आहे का?

शेणात सापडला तो प्रत्येक किडा शेणकिडा नसतो. लांबट, आखूड पंखांचे आणि पोट उघडं ठेवून धावणारे ते शिकारी भुंगेरे. ते माशांच्या अळ्या खातात. काळे चकचकीत, बटणासारखे, स्पर्श होताच पाय आवळून घेणारे हेही बहुतेक शिकारीच. आणि भुंगेऱ्याच्या पोटाला चिकटलेले तांबूस, टाचणीच्या टोकाएवढे कोळी दिसले तर घाबरू नका. ते गोचिडासारखे रक्त पीत नाहीत. एका पोवरून दुसऱ्या पोवर जाण्यासाठी भुंगेऱ्याची गाडी करतात आणि उतरल्यावर माशांची अंडी खातात.

खरा शेणकिडा तीन खुणांवर पकडा. डोक्याचा पुढचा भाग फावड्यासारखा पसरट. पुढच्या पायांना दंताळ्यासारखे दाते. मिशीच्या टोकाला पानं मिटल्यासारखा गेंद, जो वास घेताना पंख्यासारखा उघडतो. मिशीची ही पानं हुमणीच्या भुंगेऱ्यालाही असतात, कारण हुमणी, गेंडा भुंगा आणि शेणकिडा हे स्कॅराबेइडी या एकाच भावकीतले. पण हुमणीच्या डोक्याला फावडं नसतं. ती झाडाचा पाला खाते, हा शेण खातो.

पाचवी पायरी: प्रजातीपर्यंत पोचा, तिथे थांबा

आता थाळ्यातले भुंगेरे आकाराप्रमाणे वेगळे करा आणि भिंग घ्या.

आधी दोन मोठे ढीग पाडा. पंखांची झाकणं पोटाचं टोक पूर्ण झाकतात, दोन झाकणांच्या मध्ये मानेखाली छोटा त्रिकोण स्पष्ट दिसतो, अंग लांबोडकं, आकार तांदळाच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा आणि मागच्या पायाच्या नळीच्या, म्हणजे नडगीच्या, टोकाला दोन काटे असतील तर तो अफोडियसच्या गटातला. हे बहुतेक मुक्कामी. पोटाचं टोक उघडं राहतं आणि मागच्या पायाच्या नळीला एकच काटा असेल तर तो खास शेणकिड्यांच्या उपकुळातला, म्हणजे स्कॅराबेइनीतला. पुढचं सगळं या दुसऱ्या ढिगाचं.

मागचे पाय कोळ्यासारखे लांब, अंग वाटाण्याएवढं, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं: सिसिफस. ग्रीक कथेत मेल्यानंतर पाताळात कायम शिळा डोंगरावर लोटत बसलेला राजा सिसिफस, त्याचंच नाव या लोटणाऱ्याला दिलंय. अंग चपटं, कधी निळसर-हिरवी झाक आणि खांद्यामागे पंखझाकणाच्या कडेला खाच: जिम्नोप्लुरस. हाही लोटणारा. झाकणं न उघडताच त्या खाचेतून आतले पंख बाहेर काढून तो उडतो. म्हणून उन्हात तो पोवर उतरतो तेव्हा माशीसारखा वाटतो.

काळा, जाडजूड, सुमारे ३ सेंटीमीटर लांब, नराच्या डोक्यावर शिंग आणि पावसाळ्यात रात्री अंगणातल्या दिव्यावर येऊन भिंतीला धडकणारा, तो बहुधा कॅथार्सियस मोलोसस. त्याच बांध्याचा पण लहान असेल तर कॉप्रिस. दोघे बीळकरी. पुढच्या पायांची टोकं तुटल्यासारखी दिसली, म्हणजे नखांचा भागच नसला, अंग लांबट आणि नराचे पुढचे पाय वाकडे लांब असले तर ऑनिटिस. काळ्या अंगाला पिवळी किनार असलेला, लुगड्याच्या काठासारखा देखणा, तो ऑनिटिसेलस सिंक्टस. हा शेणाच्या आतच गोळे करतो. हत्तीच्या लिदीवर जगणारा, काडेपेटीएवढा हेलिओकॉप्रिस डॉमिनस आपल्या माळावर शोधू नका. हत्ती आहेत तिथल्या जंगलांत तो दिसतो.

हे सगळं वजा केलं तरी थाळ्यात निम्म्याहून जास्त भुंगेरे उरतील. ४ ते १२ मिलिमीटरचे, गोलसर, काळे, तपकिरी, तांबूस ठिपक्यांचे. हे ऑन्थोफॅगस. जगभरात या एका प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या, २,००० हून जास्त जाती आहेत. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत मोठ्या प्रजातींपैकी ही एक. इथेच हौशी माणूस फसतो. एकाच जातीत मोठ्या नराला लांब शिंगं, लहान नराला नुसते कोंब आणि मादीला तेही नाहीत. अळी असताना गोळ्यात किती शेण मिळालं त्यावर नराचं शिंग ठरतं. शिंगवाला नर बिळाच्या तोंडाशी राखण करतो, बिनशिंगी नर शेजारून चोरबीळ खणून मादीपाशी पोचतो. माझ्या जुन्या वहीत या तिघांच्या तीन ‘जाती’ लिहिलेल्या आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत: ऑन्थोफॅगसमध्ये जातीचं नाव घालण्याची घाई करू नका. ‘ऑन्थोफॅगस, प्रकार १, तांबूस, ७ मिमी’ असं लिहा. खात्रीने जात सांगायला बऱ्याचदा नराचं जननांग काढून तपासावं लागतं, ते तज्ज्ञांचं काम. आपल्याकडचा आधारग्रंथ अजूनही जी. जे. ॲरो यांनी १९३१ साली ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या मालिकेत लिहिलेला खंड. त्यानंतर कित्येक नावं बदललीत. मदतीसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर फोटो टाकले तर तिथेही जाणकार भेटतात.

सहावी पायरी: नोंद

फोटो चार घ्या: वरून, समोरून डोक्याचा, कडेने, आणि पालथा करून. खाली आलेख कागद ठेवला की माप आपोआप येतं. एका प्रकारचे दोन-तीनच नमुने ठेवा, बाकी जिथून धरले तिथे संध्याकाळी सोडा. ठेवायचे ते ७० टक्के अल्कोहोलमध्ये, आणि कागदाची चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत. शाई विरघळते. चिठ्ठीवर गाव, जागा, तारीख, कोणतं शेण, सापळा की बादली, आणि धरणाऱ्याचं नाव. माझ्या पहिल्या वर्षीची कॉफीची बाटली आठवते ना?

दर महिन्याला त्याच जागी, तेवढेच सापळे, तेवढाच वेळ. आकडा मोठा यायला हवा असं काही नाही, पण पद्धत बदलली तर दोन वर्षांची तुलना करता येत नाही.

राखण: आधी औषधाचं कपाट उघडा

शेणकिडे राखायचे म्हणजे झाडं लावा, फलक लावा, असं नव्हे. सुरुवात गोठ्यातल्या औषधांपासून करायची.

आयव्हरमेक्टिन हे जंत आणि गोचीड, खरूज दोन्हींवर चालणारं औषध. त्याच्या शोधासाठी २०१५ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण जनावराला टोचलेल्या आयव्हरमेक्टिनचा बहुतांश भाग शेणावाटे बाहेर पडतो, आणि काही आठवडे पडत राहतो. कीटकांच्या नसांवर आणि स्नायूंवर त्याचा परिणाम होतो. मोठा भुंगेरा कदाचित वाचेल, पण त्या शेणाच्या गोळ्यात वाढणारी अळी मरते. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. यंदा भुंगेरे दिसतात, पुढच्या वर्षी येत नाहीत.

आता आपलं वेळापत्रक बघा. पावसाळ्याच्या तोंडावर जंतनाशक देण्याचा रिवाज आहे, आणि नेमके तेव्हाच शेणकिडे वर येऊन पिल्लांची तयारी करत असतात. जनावराला औषधच देऊ नका असं मी म्हणत नाही, जंतांनी पोखरलेली कालवड कुणालाच नको. पण डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. शेण तपासून जंत खरंच आहेत का? पोटातल्या जंतांवरच औषध हवं असेल तर फेनबेंडाझोलसारखं, शेणकिड्यांना फारसं न बाधणारं औषध चालेल का? आणि आयव्हरमेक्टिन द्यायचंच तर सगळ्या खांडाला एकदम देण्याऐवजी ज्याला गरज आहे त्यालाच देता येईल का? टोचलेली जनावरं दोन-तीन आठवडे दावणीला बांधा आणि त्यांचं शेण गायरानात पडू न देता वेगळ्या खड्ड्यात टाका. गोचिडांसाठी अंगावर फवारायच्या औषधांनाही हेच लागू. गाभण जनावराच्या बाबतीत मनाने काहीच करू नका.

दुसरी गोष्ट हुमणीच्या मोहिमेची. जूनमध्ये कडुनिंब, बाभळीखाली प्रकाशसापळे लावतो, खाली रॉकेल घातलेलं पाणी. त्या पाण्यात सकाळी काय तरंगतंय ते एकदा चाळून बघा. तांबूस, लांब पायांची हुमणी असतेच, पण काळे कॅथार्सियस आणि कॉप्रिसही असतात. हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात. म्हणून सापळा रात्रभर जळत ठेवण्यापेक्षा पहिले दोन तास लावा, आणि रॉकेलऐवजी आधी कोरडी बादली ठेवून काळे वेचून सोडा. हुमणीचे भुंगेरे झाडं हलवून गोळा केलेत तर शेणकिड्यांना धक्काही लागत नाही. अंगणातले रात्रभर जळणारे पांढरे दिवेही कमी करा. दक्षिण आफ्रिकेतले रात्री गोळा लोटणारे शेणकिडे आकाशगंगेच्या पट्ट्यावरून सरळ रेघ धरतात, हे २०१३ साली प्रयोगाने दाखवलं गेलं. खांबावरचा दिवा त्यांच्या आकाशात घुसखोरी करतो.

तिसरी, उकिरड्यातल्या अळ्यांची. शेणखत उलटताना जाड पांढरी अळी दिसली की ‘हुमणी’ म्हणून ठेचली जाते. थाळ्यात ठेवून बघा. उताणी होऊन पाठीवर सरपटत निघाली तर ती फूलभुंग्याची, खत कुजवायला मदत करणारी, परत टाका. अंगठ्याएवढी जाड असेल आणि गावात नारळ असतील तर गेंडा भुंग्याची शक्यता मोठी, ती वेचा. शेणकिड्याची अळी उकिरड्यात मोकळी सहसा सापडतच नाही. ती आपल्या गोळ्यात असते.

आणि शेण. गोवऱ्यांसाठी, खतासाठी माळावरचा प्रत्येक पो वेचून नेला तर किड्यांनी खायचं काय? आमच्याकडे ठरवून घेतलंय, पावसाच्या चार महिन्यांत दहातले तीन पो जागेवर सोडायचे, तेही पसरून न देता. गायरानाचा एक तुकडा नांगर आणि वणव्यापासून वाचवा, कारण बिळातली पिल्लं त्याच जमिनीत असतात. सावलीची चार झाडं असू द्या. काही जाती फक्त झाडाखालच्याच शेणावर येतात. गुरं बारमाही बंदिस्त ठेवायची वेळ आली असली तरी पावसाळ्यात दोन-चार जनावरं माळावर फिरू द्या.

फायदा काय, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी ऑस्ट्रेलियाचं सांगतो. तिथले मूळचे शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. गोऱ्यांनी नेलेल्या गुरांचं ओलं शेण कुणी पुरेना. पो महिनोन्‌महिने तसेच पडून राहिले, खालचं गवत मेलं, माशा माजल्या. शेवटी १९६० च्या दशकात जॉर्ज बोर्नेमिस्झा या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सरकारी संशोधन संस्थेने आफ्रिका आणि युरोपातून शेणकिडे आणून, पैदास करून सोडले. आपल्याकडे ते फुकट येतात, मृगाच्या पावसाबरोबर.

सगळी नोंद झाली की एक प्रत जैवविविधता समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवा: प्रकार किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, गावात त्याला काय म्हणतात. शेवटचा रकाना म्हाताऱ्या गुराख्याला विचारल्याशिवाय भरू नका. आमच्या गावचे एक आजोबा वहीतले फोटो बघून म्हणाले, ‘‘हे बारकं रोज दिसतं गुरुजी. पण मोठं काळं, रातच्याला भिंतीवर ठोकर खाणारं, ते कुठंय? आमच्या येळंला त्येच्यापायी कंदील लावायची सोय नव्हती.’’ त्या रकान्यात मी तेवढंच लिहिलं, आणि यंदा रात्रीच्या फेऱ्या दुप्पट केल्या. आतापर्यंत दोन सापडलेत.